ज्याचं वाक्य त्यानं संपवावं

बदलीचा आदेश आला तेव्हा मी गाव नकाशात शोधलं नाही. खामगावहून पिंपळगाव राजाच्या रस्त्यानं जायचं आणि मध्येच आत वळायचं, एवढं कळल्यावर स्कूटीचे टायर बदलून घेतले आणि जूनमध्ये हजर झाले.

शाळा दोन शिक्षकांची, चौथीपर्यंतची. सरांकडे पहिली-दुसरी. माझ्याकडे तिसरी-चौथी आणि वर मुख्याध्यापकपद. हे पद म्हणजे खिचडीचा तांदूळ, गळकी पाण्याची टाकी आणि फोनवर सारखा येणारा 'माहिती तातडीने पाठवा' हा निरोप. मी एका हातानं माहिती पाठवायची आणि दुसऱ्या हातानं भागाकार शिकवायची. या वयात कंबर दुखते, त्यामुळे खुर्चीवर बसून शिकवते म्हणून कोणी नावं ठेवली तरी मी उठत नाही.

चौथीतल्या त्या मुलीबद्दल आधीच्या मॅडमनी जाता जाता सांगितलं होतं, "ती पोरगी गुणाची आहे. तिचा तुम्हाला काही त्रास नाही." खरंच नव्हता. दोन वेण्या, स्वच्छ गणवेश, अक्षर सरळ. गणितं बरोबर. वर्गात गोंगाट झाला की मला ज्या एका जागेकडे बघावंच लागत नसे ती तिची जागा, कारण तिथून कधी आवाजच यायचा नाही. दमलेल्या शिक्षकाला असं मूल म्हणजे सावली.

आमच्याकडे रोज परिपाठ असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा झाली की मुलं पाळीपाळीनं पुढे येऊन सुविचार सांगतात, बातमी वाचतात, गोष्ट सांगतात. तिची पाळी आली त्या सकाळी तिची मैत्रीण उठली आणि बातमी वाचून खाली बसली. पुढच्या पाळीलाही तेच. मी विचारलं, "तू का उठलीस? पाळी तर हिची आहे."

मैत्रीण निरागसपणे म्हणाली, "थे नाई बोलत मॅडम. तिचं मीच सांगतो."

कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. पोरं माझ्याकडेच बघत होती, या नवीन बाईला एवढं साधं कसं कळत नाही म्हणून.

मग मी लक्ष द्यायला लागले, तर गावभर हीच व्यवस्था होती. मी प्रश्न विचारला की शेजारचं मूल उत्तर द्यायचं. दुकानदार तिनं बोट दाखवायच्या आत पुडा काढून ठेवायचा. तिनं तोंड उघडलं की समोरचा माणूस वाक्य पूर्ण करून मोकळा. कोणी चिडवत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. सगळे माया करत होते, आणि त्या मायेत त्या मुलीला गेल्या कित्येक दिवसांत एकही वाक्य शेवटापर्यंत न्यायला मिळालं नव्हतं.

एकदा मधल्या सुट्टीत बाकीची मुलं खिचडीच्या रांगेत असताना मी तिला वर्गात थांबवलं आणि विचारलं, "काल काय जेवलीस?" तिनं ओठ मिटले. मानेची शीर ताठ झाली. डोळे एका जागी थांबले. उजवा पाय फरशीवर आपटायला लागला, जणू शब्द खाली अडकलाय आणि तो पायानं सोडवायचाय. मला वाटलं तिला काही होतंय. मी घाईघाईनं म्हणाले, "बरं बरं, जा, जेवून घे." ती गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि मला ती सुटका आवडली नाही.

गोंधळ वेगळाच होता. दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञा म्हणताना मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले. सगळ्यांबरोबर म्हणताना तिचा आवाज मोकळा, स्पष्ट, कुठंही न अडखळता चालत होता. पाढ्यांचंही तसंच. सतराचा पाढा वर्गात निम्म्या मुलांचा घसरतो, हिचा घसरला नाही. एकटीला विचारलं की पुन्हा ओठ मिटलेले.

पालक सभेला तिचे आईवडील आले. वडील ट्रॅक्टर चालवायचे, थोडी शेतीही होती. संध्याकाळी विहारात वंदना सांगायचं कामही त्यांच्याकडेच. कडक इस्त्रीचा शर्ट, ठाम आवाज. मी मुलीचा विषय काढला तर हसले.

"काही नाई मॅडम, नाटक हाय. विहारात सगळ्यायसंगं खडखडा वंदना म्हनते. पाली भाषा हाय ती, अन् एक शब्द चुकत नाई. मी सोता पुढं असतो, मागून तिचाच आवाज येते. अन् घरी पानी माग म्हटलं तं तोंड शिवलेलं! जे येते थे येते. हट्टी हाय. बापावर गेली."

"बापावर गेली असती तं बोलतच राह्यली असती," आई पदर सावरत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी जिभेले वेखंड लावून पाह्यलं मॅडम, मधासंगं. तोंडच आलं पोरीचं. मंग सोडून देलं."

वडिलांचं निरीक्षण बरोबर होतं, मीही तेच पाहिलं होतं. जी मुलगी पन्नास माणसांबरोबर पाली म्हणते ती एकट्या आईला मराठीत पाणी मागू शकत नाही, हे ऐकल्यावर कोणीही 'नाटक'च म्हणेल.

उत्तर आणलं ते विशेष शिक्षकांनी. अडचण असलेल्या मुलांसाठी ते नेमलेले असतात. त्यांच्याकडे इतकी गावं की मोटारसायकलवरून उतरतात तेच पुढच्या गावाला निघायच्या तयारीनं. हेल्मेट हातात धरूनच त्यांनी मुलीशी बोलून पाहिलं, तिला माझ्याबरोबर वाचायला लावलं, मग एकटीला. मुलगी बाहेर गेल्यावर म्हणाले, "तोतरेपणा आहे मॅडम. काहींचा शब्द तुटत तुटत येतो, काहींचा येतच नाही, अडकून बसतो. हिचा अडकतो. दुसऱ्याच्या आवाजाबरोबर बोलताना बहुतेकांचा सुटतो, गातानाही सुटतो. नाटक नाही ते."

"मग मी करू काय?"

"जमलं तर बुलढाण्याच्या रुग्णालयात दाखवायला सांगा. इथं रोज करायचं एकच. थांबा. ती बोलत असेल तर तिच्याकडे बघत थांबा, तोंडात शब्द घालू नका. तुम्ही स्वतः जरा सावकाश बोला. आधी जोडीनं बोलू द्या, मग जोडीदाराचा आवाज हळूहळू कमी करा. हा पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. त्याची भीती कमी होईल."

"थांबायला वेळ कुठून आणू, तेही सांगून जा," मी म्हणाले. ते हसले, हेल्मेट घातलं आणि गेले. चहाही घेतला नाही. त्यांचं म्हणणं मी वडिलांना कळवलं, पण त्यांच्या मते ते नाटकच होतं.

मी लगेच काही केलं नाही, कारण त्या आठवड्यात चाचण्या होत्या आणि त्यांची माहिती भरायची होती. ती भरून झाल्यावर परिपाठाची पद्धत बदलली. यापुढे सगळं जोडीनं. सुविचार जोडीनं, बातमी जोडीनं, गोष्टही जोडीनं. फक्त तिच्यासाठी म्हटलं असतं तर ती पुन्हा वेगळी पडली असती. तिसरीतले दोन मुलगे जे पाळीच्या दिवशी हमखास पोट धरून घरी राहायचे, तेही यायला लागले. म्हणजे पोट बरं झालं.

आणि वर्गात एक नियम केला, ज्याचं वाक्य त्यानंच संपवायचं. दुसऱ्यानं मध्ये शब्द टाकायचा नाही, अगदी मीही नाही.

नियम करणं सोपं होतं. पाळणं माझ्याच जिवावर यायला लागलं. ती उभी राहायची, ओठ मिटायचे, पाय आपटायचा, आणि मी खुर्चीत बसून हातातल्या पेनाचं टोपण काढघाल करत राहायची. फोन थरथरायचा. बाहेर खिचडी शिजवणारी बाई हाक मारायची, "मॅडम, तिखट सरलं!" वर्गातली पोरं सुरुवातीला चुळबुळायची, मग सरावली, मग चक्क निवांत बसून एकमेकांच्या पाठीवर अक्षरं काढायला लागली. माझ्या जिभेच्या टोकावर तिचा शब्द तयार असायचा. मी तो गिळायची. दिवसाच्या शेवटी मला गळून गेल्यासारखं व्हायचं, आणि वर्षानुवर्षं आपण शिकवतो म्हणजे किती बोलतो, हे तेव्हा कळलं.

पोरांनी मात्र नियम माझ्यापेक्षा कडक पाळला. थंडीच्या दिवसांत केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. आमच्यासारख्या आसपासच्या शाळा त्यांच्या हाताखाली. त्यांनी नेमकं तिलाच उठवलं, "सांग बेटा, आपल्या जिल्ह्याचं नाव काय?" ती अडकली. साहेबांना घाई होती, तेच सांगायला लागले. "बुल... बुलढा... बुलढाणा! बस खाली."

मागून तिसरीतला एक मुलगा उभा राहिला. "सर, इथं दुसऱ्याचं वाक्य संपवाले मनाई हाय."

"काय?"

"मनाई हाय सर. मॅडमलेबी हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो सर, आहे." त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले, आणि ती अजून उभीच होती. मग तिनं, वर्गातल्या सगळ्या शांततेत, तिला लागला तेवढा वेळ घेऊन, जिल्ह्याचं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "शाब्बास." आणि खाली बघून शेरेबुकात काहीतरी लिहायला लागले. बरंच लिहिलं. मला वाटलं माझी काशी झाली. नंतर वाचलं तर लिहिलं होतं, 'वर्गखोलीची रंगरंगोटी आवश्यक.'

उन्हाळा लागला तेव्हा ती जोडीनं सहज वाचत होती. मैत्रिणीनं आवाज अगदी बारीक केला तरी चालायचं. एकटीनं बोलताना अजून अडकायची, पण आता तोंड उघडायची. एवढीच प्रगती होती. मी कुठं लिहून पाठवावी अशी नव्हती, तसा रकानाही नव्हता.

मग चौथीच्या मुलांच्या दाखल्यांचं काम निघालं. पाचवीला सगळी मुलं पिंपळगाव राजाला जातात. मी वडिलांना बोलावून विचारलं तर ते म्हणाले, "हिले यंदा नाई पाठवत."

मी पेन खाली ठेवलं.

"आमच्या घरी शिक्षणाले कोनी नाई म्हनत नाई मॅडम. माही बहीन नर्स हाय. आमच्या घरात पोरी शिकल्या. पन हिले अशी कशी पाठवू? तिथं पाच-सहा गावचे पोट्टे. बसमधी कंडक्टरनं इचारलं तं काय सांगन? हसतीन तिले. वर्षभर घरी ठेवतो. जीभ सुटली का पाठवतो."

"आणि नाही सुटली तर?"

"सुटन कशी नाई? एक काम करा. येत्या पुनवेले विहारात तिनं एकटीनं वंदना म्हनून दाखवावी, साऱ्यायसमोर. म्हटली तं पाठवतो. माहा शब्द."

घरी ठेवलेल्या वर्षाचं काय होतं ते मी अनेक गावांत पाहिलंय. पहिल्या कापूस वेचणीला मुलगी धाकट्या भावाला सांभाळते. दुसऱ्या वेचणीला तीच ओटी बांधून वेचायला जाते, कारण सवय झालेली असते, तिला आणि घरालाही. परत शाळेत आलेली मला आठवत नाही. आणि हा माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं.

"विहारात एकटीनं नाही होणार," मी म्हणाले.

"मंग सगळ्यायसंगं काऊन होते?"

"तेच दाखवायचंय. उद्या परिपाठाला या, दोघंही. तुम्ही डोळ्यांनी बघा, मग विहाराचं ठरवा."

"मी रोजच पाह्यतो तिले."

"तुम्ही ऐकता भाऊ. पुढं उभे राहता, ती मागं असते."

ते जायला वळले. म्हणाले, "येतो."

संध्याकाळी घरी जाताना मला स्वतःचाच राग आला. मुलीला विचारलंच नव्हतं. सकाळी लवकर पोचले, ती झाडून काढत होती. मी सांगितलं की आईबाबा येतील, तू मैत्रिणीबरोबर बातमी वाचायची, मध्येच ती थांबेल, तू पुढं वाचायचं. अडकलीस तरी चालेल. नको असेल तर नको म्हण. तिनं झाडू भिंतीला टेकवला. बराच वेळ गेला. "व... वाचतो," ती म्हणाली. वऱ्हाडातल्या मुली अशाच 'वाचतो' म्हणतात.

वडील व्हरांड्यात खांबाला टेकून उभे राहिले, आई पायरीवर बसली. प्रार्थना झाली. दोघी पुढे आल्या. आमच्या बातम्या गावच्याच असतात. "आजची बातमी. काल आपल्या गावात वानरांची टोळी आली. त्यांनी सरपंचांच्या छपरावरची कवेलू फोडली." दोघींचे आवाज एकात एक चालले होते. वडील माझ्याकडे बघून हसले. बघा, म्हणतो ना मी.

मैत्रीण ठरल्याप्रमाणे थांबली. पुढचं वाक्य होतं, 'पाण्याच्या टाकीवर बसून त्यांनी पेरू खाल्ले.'

मुलीचे ओठ मिटले. शीर ताठ झाली. पाय आपटायला लागला. वडिलांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग गेलं. मी त्यांच्याकडे बघत होते, ते तिच्या मानेकडे बघत होते. नाटक करणाऱ्या माणसाची मान अशी होत नाही, हे सांगायला शिक्षक लागत नाही.

पायरीवरून आई अर्धी उठली. "पाण्याच्या..."

"मनाई हाय काकू," तिसरीतला तोच मुलगा.

आई खाली बसली. पदराचं टोक तोंडात धरलं.

सकाळचं ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं. सरांच्या पहिलीच्या वर्गातून एक मूल रडत बाहेर आलं, सरांनी त्याला उचललं आणि तेही ऐकत उभे राहिले. मुलीच्या तोंडून 'प' फुटला, थांबला, पुन्हा फुटला. मग पूर्ण वाक्य आलं, पेरूंसकट. पोरं हसली, कारण वानरांनी पेरू खाल्ले होते. तीही हसली.

वडील खांबापासून पुढे आले. चपला काढल्या नव्हत्या, ते लक्षात आल्यावर मागे गेले, काढल्या, आणि पुन्हा आले. तिच्यासमोर उकिडवे बसले.

"असं दुखते का गं, बोलताना?"

तिनं मान डोलावली.

"मान नको हालवू. मी हाय थांबलो." आवाज अजून कडकच होता. "पाचवीले जाचं हाय का तुले?"

यावेळी पाय आपटला नाही. नुसतीच गप्प राहिली आणि मला वाटलं आता सगळं बारगळलं. मग ती बोलली. तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये दोनदा अडकून, पण सगळं तिचंच होतं.

"जाचं हाय. पन तिथल्या... तिथल्या सरले तुमी सांगजा. थांबा म्हनून. मॅडम नाई सांगतीन. तुमी सांगजा."

मला क्षणभर लागलं ते. मग पटलं. मी आज आहे, उद्या माझी बदली. बाप कुठं बदलून जातो?

"सांगतो," ते म्हणाले. विहाराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पौर्णिमेला ती सगळ्यांबरोबर वंदना म्हणाली, असं मैत्रिणीनं सांगितलं. फक्त यावेळी वडिलांनी तिला मागं नाही, शेजारी उभं केलं होतं.

जूनमध्ये दाखल्यांचं काम होतं म्हणून मीही पिंपळगाव राजाला गेले. प्रवेशाच्या खिडकीपुढे रांग. ऊन उतरलं नव्हतं, पंखा गरम वारा फेकत होता. वडील आणि ती माझ्यापुढे होते. दाखला आत दिला तरी कारकून सवयीनं मुलीकडे बघून म्हणाला, "नाव काय तुझं?"

विशेष शिक्षकांनी मला एकदा सांगितलं होतं की अशा मुलांना सगळ्यात अवघड शब्द स्वतःचं नाव असतं. त्याच्या जागी दुसरा शब्द घालता येत नाही.

तिचे ओठ मिटले.

वडिलांचं तोंड उघडलं. मी पाहिलं ते. जन्माची सवय ती, नाव ओठांवर आलंही असेल. त्यांनी तोंड मिटलं. हात पाठीमागे बांधले. कारकुनाला म्हणाले, "थांबा साहेब. सांगते थे."

मागून कोणीतरी कुरकुरलं, "चला ना हो, किती वेळ." वडील वळले नाहीत. माझी कंबर भरून आली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या. शाळेत परत जाऊन तांदळाची पोती मोजून घ्यायची होती. मी भिंतीला टेकले.

तिनं नाव सांगितलं. कारकुनानं लिहिलं, आणि खाली बघूनच पुढचं विचारलं, "वडिलांचं नाव?"

वडील खिडकीच्या गजांकडे बघत राहिले. आम्ही सगळे पुन्हा थांबलो.